कमलाबाईंचा पार्सिपनीतला हॅलोवीन

कमलाबाई मेश्राम नागपूरच्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. इंदोऱ्यात राहायच्या. वर्गात त्यांचा आवाज चढला की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प व्हायची. २००५च्या सप्टेंबरात त्या पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या, लेकीकडे, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला. लेक उपासना एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होती, जावई लहू सॉफ्टवेअरमध्ये. नातू सुगत सहा वर्षांचा. आजीनं मराठीत विचारावं आणि त्यानं इंग्रजीत उत्तर द्यावं, असं त्यांचं दिवसभर चालायचं. आजी त्याला बाराखडी शिकवायची, तो आजीला टीव्हीचा रिमोट.

ऑक्टोबर लागला तशी घरांपुढे भुतं लटकायला लागली. झाडांना कोळ्यांची जाळी, पायऱ्यांवर भोपळे, हिरवळीत थडगी. कमलाबाईंना हसू यायचं. "जिवंतपणी घरासमोर थडगं मांडतात, बाप्पा!"

सुगतनं लायब्ररीतून हॅलोवीनचं पुस्तक आणलं होतं. उपासना त्यातलं त्याला वाचून दाखवी आणि आईसाठी मराठीत सांगे. फार पूर्वी आयर्लंडकडे लोक मानायचे, की या रात्री मेलेली माणसं परत येतात. भुतांनी आपल्याला त्यांच्यातलंच समजावं म्हणून सोंगं घ्यायची. तिकडे सलगमचा कंद कोरून आत दिवा ठेवायचे. लोक इकडे आले तेव्हा भोपळा सापडला, कोरायला सोपा.

"आणि हे बघ आई, गरीब माणसं दारोदार जायची. तुमच्या मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो म्हणायची. मग घरवाले त्यांना गोड पाव द्यायचे. त्यातूनच पोरांनी घरोघर चॉकलेटं मागायचं हे ट्रिक ऑर ट्रीट आलं असं म्हणतात."

कमलाबाईंचं हसू गेलं. "म्हणजे पोरगं दारोदार जाणार?"

"सगळीच जातात."

"मागायला?"

"आजी, इट्स नॉट बेगिंग," सुगत म्हणाला. "इट्स फन."

उपासनाला कळलं होतं आईचं काय बिनसलं ते. कमलाबाईंचं लहानपण उमरेडजवळच्या एका खेड्यात गेलं. संध्याकाळी त्या आईबरोबर टोपली घेऊन गावात जायच्या. प्रत्येक दारापासून लांब उभं राहून "भाकर वाढा, माय" असं ओरडायचं. वाढणारी ओट्यावरूनच टाकायची. टोपलीत पडली तर पडली. मातीत पडली तर कमलानं उचलायची, कारण ती लहान, चटकन वाकायची. छप्पन साली बाप नागपूरला गेला, दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या त्यानं ती टोपली चुलीत घातली. त्यानंतर त्या घरातल्या कुणी कुणापुढे हात पसरला नाही. उपासना लहान असताना शेजाऱ्यानं दिलेला पेरू घेऊन घरी आली, तर आईनं तो तिच्या हातातून काढून नालीत फेकला होता आणि वर छडी दिली होती.

"आई, तो काळ गेला," उपासना म्हणाली. "इथं डॉक्टरांची पोरंसुद्धा जातात."

"जाऊ देत. माझा नातू जाणार नाही."

चार दिवस घरात यावरून धुसफूस चालली. शेवटी सुगत रडून रडून झोपला, तेव्हा कमलाबाई म्हणाल्या, "ठीक आहे. पण मी सोबत येईन."

त्याच आवारात चार घरं सोडून शैलजा राहायची. पुण्याची, नवरा मोठ्या हुद्द्यावर. तिची मुलगी ज्ञानदा आणि सुगत एकाच वर्गात. कमलाबाई आल्या तेव्हा शैलजा आपण होऊन भेटायला आली होती. "काकू, काकू" करत तासभर बसली, दोनदा चहा घेतला.

"नागपूरला कुठं राहता, काकू?"

"इंदोऱ्यात."

"अच्छा." मग थोडं थांबून, "आणि आडनाव?"

"मेश्राम."

शैलजा हसली, घड्याळाकडे पाहिलं आणि उठली. नंतर ज्ञानदा खेळायला आली नाही. सुगत गेला की तिला कधी पियानो असायचा, कधी ताप. दिवाळी जवळ आली म्हणून कमलाबाईंनी करंज्या केल्या आणि डबा भरून शैलजाकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या कचरा टाकायला गेल्या, तर आवाराच्या कचरापेटीत वरच त्यांच्या करंज्या होत्या. सगळ्या. एकही मोडलेली नव्हती. उपासनाला त्यांनी सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं, डाएट असेल त्यांचं." आईच्या नजरेला मात्र तिनं नजर दिली नाही.

त्या वर्षी हॅलोवीन लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आला. घड्याळं नुकतीच मागं केलेली, त्यामुळे पाचलाच अंधार. सुगतनं सांगाड्याचा वेश केला होता, तोंडावर कडक प्लॅस्टिकचा कवटीचा मुखवटा. कमलाबाई पांढऱ्या साडीवर लहूचं जॅकेट घालून त्याच्या आणि उपासनाच्या सोबत निघाल्या. पहिल्या घरातल्या म्हातारीनं सुगतला पाहून घाबरल्याचं नाटक केलं आणि कमलाबाईंनाही एक चॉकलेट देऊ केलं. त्यांनी ते घेतलं नाही, पण हसल्या. दुसऱ्या, तिसऱ्या घरी त्या थोड्या सैलावल्या. "कोणी जात विचारत नाही, नाही?" त्या लेकीला म्हणाल्या.

मग सुगत शैलजाच्या दाराकडे पळाला.

पायऱ्यांवर एका बाजूला पणत्या, दुसऱ्या बाजूला भोपळा. दारात शैलजा चॉकलेटचं मोठं भांडं घेऊन उभी. सुगतच्या पुढे दोन गोरी पोरं होती. तिनं भांडं त्यांच्यापुढे धरलं. "टेक टू, हनी!" पोरांनी मुठी भरल्या. त्यांची आई फुटपाथवरून हात हलवत होती.

सुगत पुढे झाला. शैलजाची नजर पायऱ्यांखाली उभ्या असलेल्या कमलाबाईंवर गेली. तिनं भांडं वर उचललं.

"थांब, हात नको घालूस. पिशवी धर."

तिनं वरून दोन चॉकलेटं सोडली. एक पिशवीत पडलं, एक पायरीवर. मग आत वळून नवऱ्याला म्हणाली, आवाज अजिबात न दाबता, "आले बघ. यांना काय, दारात उभं राहायची सवयच आहे." आतून नवऱ्याचं हसू ऐकू आलं.

सुगत पायरीवरचं चॉकलेट उचलायला वाकला.

कमलाबाई पायऱ्या चढून गेल्या. उपासनाला वाटलं, आई आता शैलजाला बोलणार, आणि क्षणभर तिला बरंही वाटलं. पण कमलाबाईंनी नातवाचा दंड धरून त्याला उभं केलं आणि त्याच्या तोंडात मारली. सगळ्या ताकदीनं.

"वाकतो? कोणाच्या दारात वाकतो, बे? तुले शरम नाही?" शाळेतली मराठी गेली होती, उमरेडकडची बोली बाहेर आली होती. त्यांनी पिशवी हिसकावून गवतात उलटी केली.

मुखवट्याची कड सुगतच्या गालात घुसली होती. मुखवटा काढला तेव्हा रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. तो रडतही नव्हता. नुसता आजीकडे बघत होता.

गोऱ्या पोरांची आई धावत आली. "इज ही ओके? शुड आय कॉल समवन?"

"आय ॲम सो सॉरी," शैलजा तिला म्हणाली, अगदी मऊ आवाजात. "दे आर नॉट लाइक अस." आणि दार लावून घेतलं.

उपासनानं त्या बाईची कशीबशी समजूत काढली आणि सुगतला उचललं. वाटेत ती आईवर ओरडली, "तिला का नाही मारलंस? बोलली ती ना! सहा वर्षांच्या पोराला मारलंस?"

 घरी आल्यावर कमलाबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "तिच्यावर हात उचलला असता तर पोलीस तुमच्या दारात आले असते."

"आणि याच्यावर?"



गालाला टाके पडले. दवाखान्यात कसं लागलं म्हणून विचारलं, तेव्हा उपासनानं "पायरीवरून पडला" असं सांगितलं आणि सुगतनं मान डोलावली. लहूनं सासूला एका शब्दानं दुखावलं नाही. फक्त जाहीर केलं, "या घरात यापुढे हॅलोवीन नाही," आणि सासूबाईंचं परतीचं तिकीट अलीकडे आणून घेतलं.

जाण्याआधी कमलाबाई लहूबरोबर दुकानात गेल्या आणि चॉकलेटची सगळ्यांत मोठी पिशवी घेऊन आल्या. सुगतपुढे खाली बसल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी बसल्या. "घे बाळा. आजीनं आणलं."

सुगतनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "यू सेड नॉट टू टेक."

"माझ्याकडून घेतलेलं चालतं रे."

तो आईच्या मागे जाऊन उभा राहिला. पिशवी तशीच टेबलावर राहिली. पुढे उपासनानं ती ऑफिसात वाटून टाकली. विमानतळावर सुगत गाडीतून उतरला नाही.

नागपुरात कमलाबाई सगळ्यांना अमेरिकेचं कौतुक सांगायच्या. रस्ते किती रुंद, लायब्ररी किती मोठी. दर रविवारी फोन करायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "सुगतला दे." सुगत मान हलवायचा. उपासना म्हणायची, "आई, तो खेळायला गेलाय." जवळजवळ तीन वर्षं तो दर रविवारी खेळायला गेलेला असायचा.

२००८च्या ऑक्टोबरात कमलाबाई हृदयविकारानं गेल्या. उपासना एकटीच नागपूरला आली. लहूनं घरून फोन केला. "त्याला सांगितलं मी. तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

घर पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायकांनी भरलं होतं. नुकतीच बुद्धवंदना संपली होती. उपासनानं फोन कानाशी घट्ट धरला.

"मॉम," सुगत म्हणाला, "आजी इज डेड, राइट? सो कॅन आय गो ट्रिक ऑर ट्रीटिंग धिस इयर?"

 उपासना म्हणाली, "हो. जा." आणि फोन ठेवला.

शेजारच्या वसुधामावशींनी विचारलं, "नातू होता का? काय म्हणाला लेकरू?"

"रडतोय," उपासना म्हणाली.