सामान्यापेक्षा कमी

मॅडमनी फळ्यावर माझं नाव लिहिलं. त्याच्यापुढं लिहिलं, सामान्यापेक्षा कमी.

समोर वीस-बावीस पोरं-पोरी बसलेली. मी खुर्चीत. हातात अजून ते लाल-पांढरे ठोकळे.

बारामतीतल्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेत परिचर आहे. सकाळी भौतिकशास्त्राकडं, दुपारी मानसशास्त्राकडं. त्या दिवशी बुद्धिमापनाचं प्रात्यक्षिक होतं. जिच्यावर चाचणी घ्यायची ती मुलगी आलीच नाही. मॅडम म्हणाल्या, "मावशी, तूच बस." बसशील का, असं विचारलं नाही. चाचणी झाली, बेरीज झाली आणि त्या वर्गाकडं वळल्या.

"व्यवसाय आणि बुद्धी यांचा संबंध पुस्तकात वाचलात ना? हे घ्या, उदाहरण समोर बसलंय."

पोरं हसली. सगळी नाहीत, पण हसली. रोज माझ्याकडून साहित्य मागून नेणारी एक पोरगी तोंडावर हात धरून हसली. मी ठोकळे गोळा केले, मोजून पेटीत ठेवले. मग फळा पुसला. स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं पुसलं. मॅडमना तेवढंही सुचलं नव्हतं.

आम्ही वडार. बाप कळंबच्या बाजूला खाणीवर दगड फोडायचा. मी दहावी झाले आणि शाळा सुटली. आता अंथुर्ण्याजवळच्या आमच्या वस्तीवरून रोज एसटीनं बारामतीला येते. शिपाई म्हणून लागले, पण हळूहळू एकेक उपकरण शिकले. कोणी शिकवलं नाही. पुसता पुसता शिकले.

भौतिकशास्त्राच्या सरांची एक सवय होती. माप घेण्याआधी ते मापायचं साधन तपासायचे. पट्टी झिजलीय का, काटा शून्यावर आहे का, बघायचे. नसला तर चूक किती ते आधी लिहायचं, मगच काम सुरू. एकदा एका पोरानं बिघडलेल्या काट्यावर सगळा प्रयोग केला, तर सरांनी त्याचा कागद टराटरा फाडला. लोखंडाच्या एका गोळीचं वजन चुकलं म्हणून.

आणि दुपारच्या प्रयोगशाळेत काय होतं? एक स्टॉपवॉच. त्याचं बटण अडकायचं. थांबवलं तरी काटा तीन-चार सेकंद पुढं पळायचा. मी ते तक्रार वहीत तीनदा लिहिलं. मॅडमनी तिन्ही वेळा सही केली. न वाचता. त्यांना वाटलं असेल, हिनं काय लिहिलं असणार! झाडू संपला असेल.

मला खुर्चीत बसवून ठोकळ्यांची नक्षी किती सेकंदांत जुळते त्यावर गुण दिले, तेव्हाही तेच घड्याळ होतं. मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले. हसणाऱ्या पोरांचा राग केव्हाच गेला. माझ्या त्या गप्प बसण्याची लाज अजून जात नाही.

पंधरा दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. त्यांना संशोधन करायचं होतं, आमच्या जमातीच्या मुलांच्या बुद्धीवर. "तुझ्या ओळखीनं लोक तयार होतील," म्हणाल्या. मी पेटी उचलली आणि त्यांना नि त्यांच्या हाताखालच्या एका संशोधक पोरीला माझ्याच वस्तीवर घेऊन गेले. हेही मीच केलं.

अंगणवाडीच्या ओट्यावर त्यांनी एकेक पोर समोर बसवलं. माझ्या बहिणीची सोनी आली. चौथीतली. मॅडमनी विचारलं, "पाहुणे आले आणि चहाला साखर नसली, तर काय करशील?"

सोनी म्हणाली, "गुळाचा करीन. गूळ नसला तर अगोड दीन."

मॅडमनी शून्य लिहिलं.

मी म्हणाले, "मॅडम, बरोबर हाय की उत्तर."

"उत्तरसूचीत 'दुकानातून आणीन' असं आहे."

"दुकान तीन किलोमीटर लांब हाय हितनं."

"तू पेटी सांभाळ."

मग ठोकळ्यांची चाचणी. तेच घड्याळ. मी पुन्हा म्हणाले, "हे पुढं पळतंय, मॅडम."

त्या हसल्या. "दोन-चार सेकंदांनी काय फरक पडतो गं?"

निघताना बहिणीनं विचारलं, "बाई, पोरीचं काय निघालं?" मॅडम म्हणाल्या, "छान आहे सगळं." गाडीत बसल्यावर त्या संशोधक पोरीला म्हणाल्या, "अपेक्षेप्रमाणंच निघालं."

काय निघणार हे आधीच ठरलेलं होतं. मग उन्हातान्हात पोरं कशाला बसवली?

पुढं कॉलेजात परिसंवाद झाला. विषय होता, मापन आणि विश्लेषण, निरनिराळ्या ज्ञानशाखांतलं. खुर्च्या मी मांडल्या. मॅडमचा मोठा तक्ता मीच भिंतीवर लावला. लावता लावता वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, या मुलांना पुस्तकी शिक्षणापेक्षा हातकामाचं शिक्षण अधिक मानवेल.

हातकाम म्हणजे काय, ते माझ्या बापाच्या तळहातांना विचारा.

त्या दिवशी एकेक जण उठून बोलला. भौतिकशास्त्राचे सर उपकरणातल्या चुकीवर बोलले. शेतीचे एक साहेब आले होते. ते म्हणाले, मातीचा नमुना घेताना रानात आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्यायचे, बांधाजवळची माती घ्यायची नाही, नुकतं खत पडलं असेल तर थांबायचं. मी पाण्याचे ग्लास घेऊन भिंतीला उभी होते. मनात म्हणाले, वा! मातीवर अन्याय नको म्हणून केवढी ही काळजी!

मग मॅडम बोलल्या. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत आमच्या भागातल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. तक्त्याकडं बघून म्हणाले, "पुढच्या वर्षी या मुलांची वेगळी तुकडी करायला हरकत नाही."

सोनी त्याच शाळेत.

"कोणाला काही विचारायचंय?" असं व्यासपीठावरून विचारलं गेलं. मी ग्लास खाली ठेवले. तक्रार वही मी सकाळीच पिशवीत घातली होती. ठरवून. वही हातात घेऊन पुढं गेले.

"सर," मी भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं, "घड्याळ बिघडलेलं निघालं, तर त्याच्यावर घेतलेल्या मापांचं तुमी काय करता?"

सर गोंधळले. पण उत्तर त्यांच्या तोंडातून आपोआप आलं. "रद्द करतो. सगळी."

"मग आमच्या पोरांची का ठिवली?"

मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, तू चहाचं बघ."

"बघते. आधी तुमी वही बघा. तीन जागी तुमची सही हाय."

"हा शास्त्राचा विषय आहे. तुला कळणार नाही."

"मला कळणार न्हाय, हे बी त्याच घड्याळानं ठरवलं का?"

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. या वेळी माझ्यावर नाही. भौतिकशास्त्राच्या सरांनी माझ्या हातातली वही घेतली, वाचली, मिटली आणि बुटांकडं बघत बसले. लोखंडाच्या गोळीसाठी कागद फाडणारा माणूस! शेतीचे साहेब मोबाइल बघायला लागले. प्राचार्य म्हणाले, "ही जागा नव्हे." म्हणजे टाळ्यांना जागा आहे, प्रश्नाला नाही.

आठवड्यानं मला नोटीस आली. शिस्तभंग. प्रयोगशाळेतून काढून तळघरातल्या भांडारात टाकलं. मॅडमनी ते संशोधन मागं घेतलं की नाही, आजवर कोणी मला सांगितलेलं नाही. मी विचारते. दर महिन्याला लेखी विचारते. पोच घेते.

मुख्याध्यापकांकडं मात्र आम्ही वस्तीतल्या अकरा बाया गेलो. बहीण पुढं. ती म्हणाली, "पोरं येगळी बसवणार असाल तर का, ते कागदावर लिहून द्या." मुख्याध्यापक म्हणाले, "तसं काही ठरलंच नव्हतं." डोळ्यात बघून खोटं बोलले. पण तुकडी झाली नाही.

गेल्या महिन्यात दोन पोरगे टॅब घेऊन वस्तीत शिरले. पोरांची मोजमापं घ्यायची म्हणाले. मी वाटेतच उभी राहिले. कशासाठी मोजणार, कशानं मोजणार, निकाल आम्हाला कधी दाखवणार, तीन गोष्टी लिहून मागितल्या. साहेबांना विचारून येतो म्हणाले. आले नाहीत.

आणखी कोणी येतील. कोट घालून येतील, गोड बोलून येतील, बिस्किटाचे पुडे घेऊन येतील. येऊ द्या. लिहून दिल्याशिवाय आमच्या एकाही पोराला मी मोजू देणार नाही. नोकरी गेली तरी.