नदीकाठच्या खड्ड्यातले शनिवार

सिंगापुरातल्या मराठी माणसांकडे किस्से साठतात ते बहुधा ऑफिसातले, नाहीतर भाड्याच्या फ्लॅटचे. आमचे साठले खड्ड्यात! नदीकाठी नवी बाग होणार होती. त्याआधी तिथे उत्खनन चाललं होतं, आणि आम्ही तिघं दर शनिवारी हौसेने माती उकरायला जायचो. मी, माझी ऑफिसातली मैत्रीण मुग्धा आणि तिचे बाबा, जोगळेकर काका.

काका जन्मभर बोटीवर इंजिनीअर. काकू गेल्या आणि मुग्धाने त्यांना चोआ चू कांगला आपल्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून माणूस बोलायचाच बंद झाला. "चहा?" नुसती मान. "जेवताय ना?" पुन्हा मान!

"बाबा असेच गप्प राहिले तर मी काय करू गं?" मुग्धा रडकुंडीला आली होती. शेवटी तिने त्यांना न विचारताच त्यांचं नाव या उत्खननात देऊन टाकलं.

*

आमचा सुपरवायझर बेनी, इथलाच चिनी माणूस. त्याचा मंत्र एकच: "विच लेयर?" काहीही सापडलं की आधी थर सांगायचा, आणि बाहेरची वस्तू खड्ड्यात पडता कामा नये.

एकदा माझी हेअरपिन पडली, तर पठ्ठ्याने सगळ्यांचं काम थांबवलं आणि सिंगापुरी "लाह" लावून सुनावलं, "नंतर खणणारे कन्फ्यूज होतील, लाह!"

"अरे, होऊ दे की माझी पिन म्युझियममध्ये जमा!" मी म्हटलं. बेनी हसला नाही. पिन सापडेपर्यंत मला वर येऊ दिलं नाही.

*

मग आली खंडेनवमी. हत्यारं पुजायची तर आमची हत्यारं कुठली? थाप्या आणि ब्रश! मुग्धाने पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली आणि खड्ड्याच्या काठावर आम्ही रीतसर पूजा केली.

पुढच्या शनिवारी बेनी नाचायचाच बाकी होता. एका खापरावर लाल रंग! भिंग आलं, फोटो निघाले. "असं आपल्याकडे कधीच मिळालं नव्हतं!"

मी मुग्धाकडे बघितलं, मुग्धाने माझ्याकडे. शेवटी तीच हळूच म्हणाली, "बेनी, द लेयर इज... लास्ट सॅटर्डे."

बेनीचा चेहरा बघून काका खो खो हसत सुटले. मुग्धा तोंड फिरवून डोळे पुसत होती.

*

त्यानंतर काकांच्याच हाताला एक तुकडा लागला. पांढरा, त्यावर निळं फूल. बेनी म्हणाला, सतराव्या शतकातला.

"अय्या, म्हणजे आपल्या महाराजांच्या काळातला!" मी ओरडले.

काका तुकडा अंगठ्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "हिच्या कपावर असंच फूल होतं."

कित्येक महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य! काकूंचा तो कप इकडे आणताना फुटला होता. तुकडे काकांनी रुमालात बांधून कपाटात ठेवले होते आणि कुणाला टाकू देत नव्हते. तो कप कुठल्या बंदरात घेतला, काकूंनी दुकानदाराशी कशी घासाघीस केली, सगळं आम्ही घरी जाताना चोआ चू कांग येईपर्यंत एमआरटीच्या गाडीत ऐकलं. पुढे तर मुग्धाच तक्रार करायला लागली, "बाबा मला झोपूच देत नाहीत!"

त्या खड्ड्याचे उपकार आम्ही जन्मात विसरणार नाही.

*

शेवटच्या शनिवारी खड्डा बुजवायला घेतला. माती वरपर्यंत येत आली होती. काकांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि निळ्या फुलाचा एक तुकडा आत टाकला.

"बाबा!" मुग्धा किंचाळलीच.

बेनीने बघितलं होतं. त्याने हात वर करून काम थांबवलं. मला माझी हेअरपिन आठवली. तो खाली उतरला, तुकडा उचलला, फूल बघितलं.

"विच लेयर, अंकल?"

"टॉप," काका म्हणाले. "शी हॅज जस्ट गॉन."

बेनीने तुकडा होता तिथे परत ठेवला आणि हातानेच त्यावर माती लोटली.