शब्द न् शब्द कळतोय

टीव्ही विकणारे दुकानदार त्याला कानसेन म्हणत, आणि त्याला ते मनापासून आवडे. सव्वीस वर्षं तो लोकांच्या घरी स्पीकर बसवत आला होता. नव्या घरात शिरला की आधी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवायचा आणि डोळे मिटून ती कुठे कुठे जाऊन येते ते ऐकायचा. अलीकडे ज्याला त्याला भिंती पाडून हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर एक करायची हौस. अशा घरात चार कोपऱ्यांत चार स्पीकर लावा म्हणणाऱ्याला तो वेड्यात काढायचा. आवाज मोठा नको, शब्द कळला पाहिजे, हा त्याचा हट्ट. मग घरातल्या कुणाला तरी ओट्याशी पाठमोरं उभं करून तो बातम्या लावायचा. बोलणं स्पष्ट कळलं की हात वर करायचा, एवढीच परीक्षा.

स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. बायको टीव्हीचा आवाज वाढवायची, तो कमी करायचा, आणि त्यावरून रोज खटके उडायचे. आतल्या खोलीत हाक मारली तर ओ नाही, सांगितलेलं काम केलेलं नाही. ही माझं ऐकतच नाही, पालथ्या घड्यावर पाणी, असं तो पाहुण्यांसमोरही बोलून दाखवायचा. ती नुसती हसायची. कामात हुशार असलेला माणूस घरातही शहाणा असतो असं थोडंच आहे?

यंदा त्यानेही हौसेने मधली भिंत पाडली. सामान हलवून झाल्यावर टीव्हीखाली ठेवायचे तीन लांबट साउंडबार घरी आणले आणि बायकोला सांगितलं की तूच निवड, दिवसभर इथे तू असतेस. ती नको नको म्हणत होती, पण त्याने तिला ओट्याशी उभं केलंच.

पहिल्याला तिने हात वर केला. आवाज पातळ आहे म्हणत त्यानेच तो काढला. दुसऱ्याबरोबर धडधडणारा एक खोका होता, त्यालाही तिचा हात वर. तिसऱ्यात बोलण्यासाठी वेगळा स्पीकर होता. तो टीव्हीच्या बाजूला वाकून मागची जोडणी करत होता, कंबर दुखली म्हणून क्षणभर सरळ झाला. पडद्यावर बातम्या देणारी बाई बोलत होती. घरात आवाज नव्हता. वायर अजून त्याच्या हातातच होती.

तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला उभं राहिलेलं पाहिलं आणि हात वर केला.

"हा सगळ्यांत छान," ती म्हणाली. "शब्द न् शब्द कळतोय."

ती ऐकत नव्हती असं नाही. तिला ऐकू येत नव्हतं. एवढ्याशा फरकापायी त्याने तिला चारचौघांत किती बोल लावले होते, ते एकेक आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने तिला खुणेने बोलावून समोर बसवलं आणि कधीपासून, असं विचारलं. तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग वायरकडे.

"चारेक वर्षं झाली," ती म्हणाली. "भिंत होती तोवर निभावत होतं. ऐकू नाही आलं की भिंतीचं नाव सांगता यायचं."

आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच त्याला जास्त लागलं. दूध उतू जाईल म्हणत ती उठली आणि गॅसकडे गेली.

"चुकलो," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता, आणि ती पाठमोरी उभी राहून दूध ढवळत होती.

मग तो उठला. तिच्या शेजारी जाऊन त्याने गॅस बंद केला, ती वर बघेपर्यंत थांबला आणि पुन्हा म्हणाला.