बिशनसिंगांची फरशी

अमृतसरच्या पापडांच्या बाजारात गुरमेजसिंगाचं वड्यांचं दुकान होतं. उडदाच्या वड्या, मिरीने जीभ पेटवणाऱ्या. दुकान उत्तम चालायचं, कारण ते त्याची बायको अतर कौर चालवायची. गुरमेजसिंग सकाळी दरबारसाहिबला, म्हणजे सुवर्णमंदिरात, जायचा तो जेवणाच्या वेळीच उगवायचा. एवढा भाविक नवरा मिळाला म्हणून शेजारणी अतर कौरचा हेवा करायच्या. ती म्हणायची, न्या की तुमच्याकडे महिनाभर.

भक्ती नव्हती असं कोण म्हणेल? पण ती सरोवराभोवतीच्या परिक्रमेतल्या एका फरशीपाशी येऊन थबकायची. त्याच्या आजोबांनी ही संगमरवरी फरशी अर्पण केली होती आणि तिच्यावर गुरुमुखीत दोनच शब्द कोरून घेतले होते : 'बिशनसिंग वडीवाला'. भिंतीत लावू या, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत भरेल, असं लोकांनी सुचवून पाहिलं. म्हातारा ऐकेना. जमिनीतच बसवा म्हणाला, संगतीच्या, येणाऱ्या भाविकांच्या, पायांची धूळ नावावर पडू दे.

नातू रोज पहाटे ती धूळ पुसायचा. सगळे सेवेकरी बादल्या घेऊन परिक्रमा धुवायचे, हा एक फरशी धुवायचा. अक्षरं पुसट वाटली की काळा रंग भरायचा. मग कोणी परगावचा भाविक दिसला की इतिहास सुरू. गुरू रामदासांनी हे सरोवर खोदलं, गुरू अर्जनदेवांनी मधोमध हरिमंदिर उभं केलं. चारी दिशांना दारं ठेवली, म्हणजे कोणत्याही जातीच्या, कोणत्याही मुलखाच्या माणसाला मज्जाव नको. बाकीच्या देवळांत पायऱ्या चढून जायचं, इथे उतरून यायचं, म्हणजे माणूस आपोआप नमतो, हे तो छाती काढून सांगायचा. मग अब्दालीने मंदिर सुरुंगाने उडवलं, सरोवर बुजवलं. शिखांनी ते पुन्हा उपसलं, पुन्हा बांधलं. महाराजा रणजितसिंगांनी सोनं चढवलं. "आणि त्यानंतर," असं म्हणून गुरमेजसिंग थांबायचा, खाली बोट दाखवायचा.

अतर कौरने एकदा हे सगळं उभ्याने ऐकलं आणि विचारलं, "सरदारजी, महाराजांच्या नंतर थेट तुमचे आजोबाच का? मधली माणसं काय जेवायला गेली होती?"

बरं, नुसतं सांगून भागेना. लोक चालायचे, आणि चालताना पाय पडायचा. मग गुरमेजसिंग अदबीने आडवा व्हायचा. बीबीजी, जरा इकडून, तिथे ओलं आहे. भाईसाहेब, तिथे निसरडं आहे. गर्दीच्या दिवशी तो सरळ त्या फरशीवरच मांडी घालून जप करायला बसायचा. लोक एवढ्या तल्लीन माणसाला वळसा घालून जायचे आणि जाताना त्यालाही हात जोडायचे. ते नमस्कारही तो घ्यायचा.

अशी वर्षं गेली. आजूबाजूच्या फरश्या लाखो अनवाणी पायांनी झिजल्या, गुळगुळीत होऊन दबल्या. बिशनसिंगांची तेवढी कोरी राहिली. गुरुघरी अवघी जमीन वाकली होती आणि हा एकटा वडीवाला मान वर काढून बसला होता. मग व्हायचं ते झालं. तरनतारनकडची एक म्हातारी नजर हरिमंदिराकडे लावून चालली होती. तिचा अंगठा फरशीच्या कडेला ठेचला आणि ती आडवी झाली. फार लागलं नाही, पण तोंड शाबूत होतं. कोणाचा दगड हा, कोणाचा, म्हणून तिने तिथेच सुरू केलं. काळ्या रंगात नाव लिहिलेलं असल्यामुळे शोध सोपा गेला.

फरशीचं काम बघणाऱ्या कारसेवेच्या वृद्ध बाबांनी त्याला बोलावून घेतलं. फरशी निघणार हे ऐकून गुरमेजसिंगाच्या तोंडचं पाणी पळालं. दरबारसाहिबातून घराण्याचं नाव गेलं, तर त्याच्याजवळ राहिलं काय? वड्या बायकोच्या होत्या. त्याने बाबांचे पाय धरले.

"बाबाजी, थोडी खाली बसवा, सपाट करा. पण नाव वर राहू द्या."

"आणि तू परत तिच्यावर चढून बसशील," बाबा म्हणाले. "दहा वर्षांनी आणखी एक म्हातारी पडेल. तुझ्या आजोबांनी पाय मागितले होते रे. लोक द्यायला तयार होते. तूच आड आलास."

गुरमेजसिंगाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून बाबा जरा नरमले. म्हणाले, दोन वाटा आहेत. घरी घेऊन जा, नाहीतर तिथेच उलटी बसवतो. दगड राहील, नाव मातीकडे जाईल. उद्या सांग.

अतर कौरला अजिबात विचार करावा लागला नाही. "घरी आणा. संगमरवरावर पापड काय सुरेख लाटले जातात."

गुरमेजसिंग रात्रभर कूस बदलत राहिला. आजोबांवर लाटणं फिरणार हे काही त्याला सोसेना. सकाळी तो बाबांकडे गेला आणि म्हणाला, उलटी बसवा. गवंड्याने नाव खाली करून फरशी चुन्यात दाबली तेव्हा तो तोंड फिरवून उभा राहिला. घरी आला, जेवला नाही, दोन दिवस परिक्रमेकडे फिरकला नाही. अतर कौरलाही वाईट वाटलं. तिने त्याला वड्यांची भाजी करून घातली.

तिसऱ्या दिवशी तो गेला. आता कोणाला अडवायचं कारण उरलं नव्हतं. उलट तोच लोकांना बोलवायचा. या बीबीजी, इथे पाय द्या, याच्याखाली माझ्या आजोबांचं नाव आहे. काय लिहिलंय, कोणी विचारायचं. पहिले काही दिवस त्याने खरं सांगितलं. मग 'वडीवाला' गळून नुसते 'सरदार बिशनसिंग' राहिले. उन्हाळा सरेपर्यंत ते 'अमृतसरचे रईस' झाले, आणि दिवाळीला थेट इंग्रजांचा किताब मिळवून 'सरदार बहादूर'. दगड उपसून बघायला कोण येतंय?

बातमी बाजारात पोचलीच. त्या दिवशी अतर कौर गच्चीवर वड्या वाळत घालत होती. नवरा जिन्याशी टांगलेल्या आरशात बघून पगडी ठीक करत उभा होता.

"सरदारजी," ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "मी रोज एवढ्या वड्या उलटते, एकीचीसुद्धा बर्फी झाली नाही. तुमच्या आजोबांना एकदाच उलटलं तर ते सरदार बहादूर झाले."

गुरमेजसिंगाने पगडीचा शेवटचा पेच खोवला. आरशात एकदा बघून तो जिना उतरला. लुधियान्याहून भाविकांच्या बसगाड्या यायची वेळ झाली होती.