बुजवलेल्या खाचा

साप डूख धरतो म्हणतात. इथं डूख कल्याणनं धरला होता. भंडारदऱ्याच्या डोंगरात कारवी तोडताना त्याला हिरवा चापडा साप चावला. जीव वाचला, पण उजवा अंगठा वाळून गेला, विळा धरवेना. तेव्हापासून तो धरणाकाठच्या तंबूंवर पर्यटकांना जेवण वाढायचा, आणि चापडा दिसला की ठेचायचा.

एकदा तंबूवर सापांचा अभ्यास करणारी निकिता उतरली. तिनं झुडपातला एक चापडा लांबून दाखवला.

"डोळा आणि नाकपुडीच्या मधे खाच दिसते का, दादा? तिनं त्याला उंदराची ऊब कळते. काळोखातसुद्धा."

"अशी खाच आली कुठनं?"

"मोहरी नाकात झोंबते ना, ते जाणवून देणारी व्यवस्था आपल्या चेहऱ्याच्या नसांमधे असते. यांच्या पूर्वजांत तीच उबेनं जागी व्हायला लागली. ज्याची कातडी तिथं जराशी पातळ, जराशी खोलगट, त्याला शिकार आधी कळली. तो जगला, त्याची पिल्लं जगली. लाखो वर्षं असं चालत खाच खोल होत गेली."

"आन् ती बुजवली तर?"

"अंधारात आंधळाच होईल बिचारा," ती सहज बोलून गेली.

ती गेल्यावर कल्याणनं चिमट्यानं एक चापडा धरला, बुटाखाली त्याची मान दाबली आणि दोन्ही खाचांत चपला चिकटवायचा गोंद भरला. मग पत्र्याच्या पेटीत उंदरासोबत कोंडला.

"मारायचा तर मारून टाका," बायको मुक्ताबाई म्हणाली. "ह्ये काय मांडलंय?"

"लाखो वर्सं लागली म्हनं त्याला. मी घटकाभरात पुसलं."

तो रोज झाकण किलकिलं करून बघे. साप हवेत तोंड मारी, पत्र्यावर आपटे. उंदीर त्याच्या शेपटाशीच बसलेला. पुढं भुकेजल्या उंदरानंच सापाची पाठ कुरतडायला घेतली. साप वळून वळून डसायचा, पण रिकाम्या जागी. पाठीचे मणके उघडे पडले तरी जीव जाईना.

मन निवेल असं कल्याणला वाटलं होतं. निवलं नाही. उलट झाकण उघडलं की तो तोंड फिरवायला लागला, आणि त्याचाच त्याला संताप आला.

शेवटी मुक्ताबाईनं पेटी ओढ्याकाठी नेली आणि दगड घालून सापाचे हाल संपवले. उंदीर गवतात पळाला.

ती परतली तेव्हा कल्याण गोंदाच्या डबीचं झाकण पिळून उघडत होता.

"दुसरा आनतो," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "ह्या येळी उंदीर न्हाई ठेवनार. एकलाच चाचपडू दे काळोखात."