आईच्या साड्यांची यादी

आई गेल्यावर महिन्याभराने मी आणि धाकटी बहीण सुमा तिच्या साड्या वाटायला बसलो. गोंधळ नको म्हणून मी लॅपटॉपवर शीट उघडून वर रकान्यांची नावं लिहिली: रंग, प्रकार, कोणाला द्यायची.

“ताई, अजून एक रकाना कर,” सुमा म्हणाली. “कुठल्या प्रसंगाची, ते.”

मी केला. पण दोनच साड्यांचं आम्हाला सांगता आलं, आमच्या दोघींच्या लग्नांतल्या. आईच्या आयुष्यात आमच्याखेरीजही काही घडलं असणार, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

एक जांभळी इरकल उलगडत सुमा सहज म्हणाली, “थांब, आईला विचारते.”

मग साडी मांडीवर तशीच धरून ती रडू लागली. मी लॅपटॉप मिटला आणि तिच्याजवळ सरकले.