आप्पांची मुलाखत

पोरगी नाशिकला काय शिकते असं गावात कुणी विचारलं, तर आप्पा 'सायन्स' एवढंच सांगायचे. विषयाचं पूर्ण नाव सांगितलं की लोक हसत. होम सायन्समधला बालविकास आणि कुटुंब अभ्यास. शेजारची काकू तर तोंडावर म्हणाली होती, "पोरं वाढवायला कालेजात जावं लागतं व्हय? आमी काय येड्या होतो?" मला राग यायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मॅडमनी प्रात्यक्षिक दिलं. घरातले निर्णय कोण घेतं, यावर एका कुटुंबाची मुलाखत घ्यायची. दोघी-दोघींच्या जोड्या होत्या; स्वतःच्या घराची नाही, जोडीदारणीच्या घराची. आणि जिचं घर, तिनं मधे एक शब्द बोलायचा नाही.

माझी जोडीदारीण नाशिकचीच, वडील बँकेत. खेडं बघायला मिळणार म्हणून ती खूश. मला मात्र ती आत्ताच यायला नको होती, कारण पुढच्याच रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. माणसं बरी होती, पण त्यांना उन्हाळ्यातच लग्न हवं होतं. म्हणजे माझं शेवटचं वर्ष बुडालं. यावर मी आप्पांशी चकार शब्द काढला नव्हता. आमच्याकडे मुली तसं बोलत नसत.

येवल्याच्या एसटीत मी तिला म्हटलं, "लग्नाचे प्रश्न गाळ ना."

"मॅडम मला खातील. आणि गाळायचे कशाला? बाबा चांगले आहेत म्हणतेस ना?"

"चांगले आहेत म्हणूनच भीती वाटते." वाईट असते तर मी भांडले असते.

आप्पा धुतलेला सदरा घालून खाटेवर बसले. मी भिंतीला टेकून. आत अक्का चहा करत होती. अक्का माझी मोठी बहीण. आप्पांनीच बघून दिलेल्या सासरी हाल झाले म्हणून वर्षभर माहेरीच होती, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

सुरुवात हसतखेळत झाली.

"काका, भाजी कुठली करायची ते कोण ठरवतं?"

"मंडळी. मी नुसतं खातो."

"आणि बैल घ्यायचा असेल तर?"

"त्ये मीच. पण हिला पसंत पडला पायजे, नायतर ही वैरण घालत नाय."

"सांगा सगळं, तेवढंच ऱ्हायलं होतं," आई आतून म्हणाली.

"मुलीचं लग्न कुठे, कधी करायचं, हे कोण ठरवतं?"

"बापच ठरवणार की."

"मुलीला विचारता?"

"त्यात काय विचारायचं? बाप काय वाईट करील?"

पुढचा प्रश्न मला माहीत होता, वर्गात आम्हीच तो तयार केला होता. तिनं तो विचारू नये असं वाटत होतं, आणि विचारावा असंही.

"निर्णय चुकला, तर तो कुणाला निस्तरावा लागतो?"

नेमकी तेव्हाच अक्का चहा घेऊन बाहेर आली. तिनं ऐकलं होतं. आप्पांपुढे कप ठेवून ती आत गेली नाही, दाराशी उभी राहिली. माझ्या जोडीदारणीला अक्काचं काहीच ठाऊक नव्हतं. ती पेन धरून थांबली. उत्तर सुचवायचं नाही, थांबायचं, असंच आम्हाला शिकवलं होतं. चहावर साय धरली तरी ती थांबून होती.

"पोरीला," आप्पा म्हणाले. "पोरीलाच निस्तरावं लागतं." त्यांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "पुढचं इचार."

संध्याकाळी जोडीदारणीला एसटीत बसवून आम्ही घरी निघालो. आप्पा पुढे, मी मागे. बरंच चालल्यावर ते मागे न वळता म्हणाले, "पाव्हण्यांना काय सांगू?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझं शेवटचं वरीस व्हऊ द्या म्हणा."

"आन् ते थांबले नाय तर?"

"नाय थांबले तर नाय."

आप्पा तसेच पुढे चालत राहिले. रागावलेत की कसं, ते घरापर्यंत कळलं नाही. जेवताना ते आईला म्हणाले, "रविवारचं नको, पोरीचं शेवटचं वरीस व्हायचंय म्हणून निरोप धाड." हे तूच सांगितलंस ना, अशा नजरेनं आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. घरात पहिल्यांदाच माझ्या सांगण्यावरून काही ठरलं होतं, आणि चुकलं तर निस्तरायचंही आता मलाच होतं.